चार बिऱ्हाडं, पाच दारं

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक वेगळीच जमात असते. गाडी कारखान्यातून जशी आली तशीच ठेवणारे वेगळे, आणि जुन्या गाडीत नवं जपानी इंजिन बसवून हायवेवर सगळ्यांना मागे टाकणारे वेगळे. ही तिसरी जमात या दोघांच्या मधली. यांना गाडी मूळच्यापेक्षा जास्त पळवायची असते, पण अट एकच: इंजिनात जे काही घालायचं ते गाडीच्या काळात मिळत होतं तेच घालायचं. गाडी १९६५ ची असेल तर कार्ब्युरेटरही तेव्हाचा आणि कॅमशाफ्टही तेव्हाच्याच डिझाइनचा. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन नाही, टर्बो नाही, लॅपटॉप तर नाहीच नाही.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल, की हा काय हट्ट? मूळ रूप जपायचं तर सरळ जपा. वेग पाहिजे तर तो आज कितीतरी सोप्या वाटेने मिळतो. मग हे अधलंमधलं कशाला?

मला स्वतःला हा हट्ट पटतो. का पटतो ते सांगायला एक इंजिन फार सोयीचं आहे. मिनी कूपरमधलं, 'ए-सिरीज' नावाचं.

गोष्ट सुरू होते १९५१ मध्ये. युद्ध संपून सहा वर्षं झालेली, ब्रिटनमध्ये अजून रेशनिंग चालू. ऑस्टिन कंपनीने ए३० नावाची एक छोटी, स्वस्त गाडी आणली. तिच्यासाठी केलेलं हे इंजिन ८०३ सीसीचं आणि २८ हॉर्सपॉवरचं. म्हणजे आजच्या एखाद्या बऱ्यापैकी मोटरसायकलपेक्षाही कमी. पुढच्याच वर्षी ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, थोडक्यात बीएमसी, तयार झाली आणि हे इंजिन सगळ्या घराण्याच्या छोट्या गाड्यांचं झालं. कुणाच्याही मनात तेव्हा रेसिंग नव्हतं. स्वस्त, टिकाऊ, कमी पेट्रोल पिणारं, गल्लीतल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येईल असं इंजिन हवं होतं, आणि ते तसं झालंही.

या स्वस्तपणाची खूण इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे सिलेंडर हेडमध्ये आहे. चार सिलेंडर असले की साहजिकच चार वाटा आत यायला आणि चार बाहेर जायला हव्यात, एकूण आठ. ए-सिरीजला आहेत पाच! कारण असं, की या इंजिनात आत यायची आणि बाहेर जायची दारं एकाच भिंतीला आहेत, आणि झडपा उघडणारे आठ पुशरॉडसुद्धा त्याच बाजूने वर जातात. एवढ्या गर्दीत आठ दारं काढायला जागाच नाही. म्हणून सिलेंडर १ आणि २ ला मिळून एक आत यायचं दार, ३ आणि ४ ला मिळून दुसरं. बाहेर जायला १ आणि ४ ला स्वतंत्र दारं, आणि मधल्या २ आणि ३ ला मिळून एक. दोन आणि तीन, पाच. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत आणि दारं पाचच, तसा प्रकार.

बाहेरच्या सामायिक दाराने फारसं भांडण होत नाही. या इंजिनात सिलेंडर पेटतात १-३-४-२ या क्रमाने. २ आणि ३ यांच्या पाळीत बरोबर ३६० अंशांचं अंतर पडतं, त्यामुळे एकाचा धूर बाहेर जाताना दुसऱ्याचं दार बंद असतं.

आतल्या दारांचं मात्र तसं नाही. क्रम पुन्हा बघा: २ झाला की लगेच १, आणि ३ झाला की लगेच ४. म्हणजे एका नळावरचे दोन शेजारी पाठोपाठ बादली लावतात, आणि मग बराच वेळ नळाकडे कुणी फिरकत नाही. त्यांच्यात अंतर १८० अंशांचं. पण हवा आत घेणारी झडप १८० अंशांपेक्षा जास्त वेळ उघडी असते. साध्या मिनीतसुद्धा ती साधारण २३० अंश उघडी राहते. म्हणजे ५० अंश दोन्ही शेजाऱ्यांच्या बादल्या एकाच वेळी नळाखाली! एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवतो. चारही सिलेंडरना सारखं मिश्रण कधीच मिळत नाही.

साध्या गाडीत हे जाणवतही नाही. पण जास्त पॉवर काढायची म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबायची, आणि त्यासाठी झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट घालायचा. रेसिंगच्या कॅमशाफ्टने हा आकडा ३०० अंशांच्या आसपास जातो. म्हणजे भांडणाची वेळ ५० वरून १२० अंशांवर. जितकी पॉवर मागाल, तितकी शेजाऱ्यांची मारामारी वाढणार. १९५१ मध्ये काटकसरीसाठी घेतलेला एक निर्णय, आणि पुढची पन्नास वर्षं प्रत्येक ट्यूनर त्याच्याशी झगडतोय. (सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.)

१९५९ च्या ऑगस्टमध्ये अॅलेक इस्सिगोनिस यांची मिनी आली. इंजिन तेच, पण आडवं बसवलेलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खालच्या तेलाच्या टाकीत. ८४८ सीसी, ३४ हॉर्सपॉवर. इस्सिगोनिस यांना सामान्य कुटुंबाची गाडी करायची होती. पण चार कोपऱ्यांत चार चाकं असलेली ही डबी वळणावर रस्त्याला अशी काही चिकटायची, की मोठ्या गाड्यांना लाजवेल. हे सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांत होते जॉन कूपर. इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवून १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षं फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद मिळवणारे ते हेच. शिवाय फॉर्म्युला ज्युनिअर या छोट्या रेसिंग गाड्यांमध्ये कूपर याच ए-सिरीजशी खेळत होते, त्यामुळे इंजिन किती ताणता येतं याचा अंदाज त्यांना आधीच होता. त्यांनी बीएमसीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांना गळ घातली. शर्यतीच्या नियमांसाठी १००० गाड्या करायचं ठरलं आणि कूपर यांना प्रत्येक गाडीमागे दोन पौंड. एवढा साधा व्यवहार.

१९६१ च्या त्या पहिल्या मिनी कूपरमध्ये काय केलं होतं ते बघण्यासारखं आहे, कारण 'त्या काळचे पार्ट' या यादीची सुरुवात तिथून होते. पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, वाढवून इंजिन ९९७ सीसी केलं. एकाऐवजी दोन एसयू कार्ब्युरेटर. मोठ्या झडपा, जरा तिखट कॅमशाफ्ट, चांगली एक्झॉस्ट. ३४ चे ५५ हॉर्सपॉवर झाले, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले.

पण या उपायाला एक मर्यादा होती. ९९७ सीसीचा स्ट्रोक ८१.२८ मिमी. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग काढा: दर सेकंदाला सुमारे १६ मीटर. तीन बेअरिंगवर टेकलेल्या, किराणा आणायला केलेल्या इंजिनासाठी हे फार झालं. १९६३ मध्ये आलेल्या कूपर एसने उलटा रस्ता धरला. स्ट्रोक पुन्हा ६८.२६ मिमीवर आणला आणि सिलेंडरच रुंद केले, ७०.६ मिमी. त्याच आरपीएमला वेग उतरला साडेतेरा मीटरच्या आसपास. पण जुन्या ब्लॉकमध्ये एवढे रुंद सिलेंडर बसणार कसे? तर कडेचे दोन थोडे बाहेर सरकवले आणि मधले दोन एकमेकांच्या जवळ आणले. वाड्याच्या बाहेरच्या भिंती न हलवता आतल्या खोल्या मोठ्या केल्या म्हणा ना. क्रँकशाफ्ट चांगल्या पोलादाचा, पृष्ठभाग नायट्रोजनने कडक केलेला. १०७१ सीसी, ७० हॉर्सपॉवर. १९६४ मध्ये त्याचीच आणखी दोन भावंडं आली, ९७० आणि १२७५ सीसीची. १२७५ ने दिले ७६.

दारं मात्र पाचच होती.

मग या दारांचं काय करायचं? इथे डॅनिएल रिचमंड यांचं नाव येतं. विल्टशर परगण्यात सॅलिसबरीजवळ डाउनटन नावाचं खेडं आहे. तिथे त्यांचं वर्कशॉप होतं, डाउनटन इंजिनिअरिंग. नवं दार काढता येत नसेल तर आहे त्या दारातून हवा जास्त सुरळीत जाईल असं बघायचं, हा त्यांच्या कामाचा गाभा. हेडच्या आतल्या वाटा हाताने घासून, नुसत्या मोठ्या न करता योग्य तिथे वळण देऊन, झडपेच्या आसपासचे कोपरे गोल करून ते अशी काही हेड तयार करायचे, की डाउनटन मिनीची गोष्टच वेगळी मानली जायची. इस्सिगोनिस यांच्याशी त्यांची दोस्ती होती, आणि बीएमसीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. केवढं मोठं कॉर्पोरेशन, आणि स्वतःच्या इंजिनाबद्दल विचारायला खेड्यातल्या वर्कशॉपमध्ये जातंय! एक्झॉस्टमधल्या मधल्या सामायिक दाराची नळी लांब ठेवून पुढे इतरांना जोडायची, ही 'लाँग सेंटर ब्रँच' पद्धतही डाउनटनच्या नावाशी जोडली जाते. आजही ए-सिरीजवाल्यांच्या यादीत ती वरच्या क्रमांकावर असते.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क १०७१ सीसीच्या कूपर एसमध्ये जिंकला. १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन. १९६६ मध्ये मिनी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, आणि तिन्ही बाद ठरल्या. परीक्षकांनी गाड्या खोलून खोलून तपासल्या, पण बोट ठेवलं ते हेडलाइटच्या दिव्यांवर. १९६७ मध्ये राउनो आल्टोनेनने पुन्हा जिंकून हिशोब चुकता केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट तपासणीची आहे. गाडीत काय चालेल आणि काय नाही, याची लेखी कागदपत्रं होती. होमोलोगेशन फॉर्ममध्ये झडपेचा व्यास, स्ट्रोक, कार्ब्युरेटर, सगळं नोंदलेलं. शिवाय बीएमसीच्या अॅबिंग्डनमधल्या 'स्पेशल ट्यूनिंग' विभागाकडून हे पार्ट कुणालाही नंबर सांगून विकत घेता यायचे. ७३१ नंबरचा कॅमशाफ्ट रस्त्यावर आणि रॅलीत चालवायला, ६४९ नंबरचा पूर्ण रेसिंगचा. (६४९ घातलेली गाडी सिग्नलला उभी असली की दम्याच्या पेशंटसारखी खोकते.)

त्यामुळे आज कुणी १९६५ ची १२७५ कूपर एस 'त्या काळच्या' पद्धतीने तयार करायला घेतली तर त्याच्यासमोर रस्ता आखलेला असतो. सिलेंडर अर्ध्या मिलिमीटरने मोठे करायचे, की १२७५ चे १२९३ सीसी होतात. १३०० सीसीच्या वर्गाची हद्द ओलांडायची नाही, पण भिंतीला टेकायचं. हेडच्या वाटा घासायच्या. ६४९ कॅमशाफ्ट घालायचा. दोन एसयू ठेवायचे किंवा एक मोठा वेबर लावायचा. वेबर मिनीत मावत नाही. तो बरोबर स्पीडोमीटरच्या मागे येतो, म्हणून तिथला पत्रा कापावा लागतो. तेव्हाही लोक कापतच होते.

एसयू कार्ब्युरेटरबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. यात हवेच्या ओढीने एक पिस्टन वर जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलच्या भोकातून वर सरकते. सुई जिथे बारीक, तिथे पेट्रोल जास्त. बस, एवढंच. इंजिनाला कुठल्या ओढीला किती पेट्रोल द्यायचं ते त्या सुईच्या आकारात लिहिलेलं असतं. दर अष्टमांश इंचावर सुईचा व्यास किती, याचे तक्ते आहेत आणि अशा शेकडो सुया आहेत. म्हणजे धातूत कोरलेलं लुकअप टेबलच की! ट्यूनिंग म्हणजे योग्य टेबल निवडायचं, आणि नाहीच मिळालं तर सुई बारीक पॉलिश पेपरने घासून स्वतःचं टेबल लिहायचं. 'अनडू' मात्र नाही.

आता खरी गंमत. 'त्या काळचं' म्हणजे नक्की कुठल्या काळचं?

साठच्या दशकाच्या अखेरीला काही जणांनी पाच दारांचा तिढा मुळातच सोडवला. आठ स्वतंत्र दारांचं नवं हेडच तयार केलं. १९६९ ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप अॅलेक पूलने एक्विप आर्डेनच्या ९७० सीसी मिनीत जिंकली, ती आर्डेनचं आठ दारांचं हेड लावून. म्हणजे आठ दारं १९६९ च्या गाडीला 'त्या काळची', पण १९६५ च्या गाडीला ती फसवणूक! चार वर्षांचा फरक. जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, ऐतिहासिक गाड्यांच्या नियमांत काळाचे असे कप्पेच पाडलेले आहेत. १९६२ ते १९६५ हा एक कप्पा, १९६६ पासून पुढचा. एखादा पार्ट त्या काळात, त्या मॉडेलला खरोखर वापरला होता हे सिद्ध करायची जबाबदारी गाडीवाल्यावर. फोटो, फॉर्म, पार्ट नंबर, काहीतरी कागद दाखवावा लागतो.

आणि तरीही एक गोष्ट या नियमांच्या चिमटीत सापडत नाही. इंग्लंडमध्ये गुडवूडला १९९८ पासून दर वर्षी जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. तिथल्या कूपर एस कागदावर साठच्या दशकातल्या असतात, पण त्यांच्या पाच दारांच्या इंजिनातून १२० च्या पुढे हॉर्सपॉवर निघते. फॅक्टरीने ७६ दिली होती. नियम तर पाळलेत, मग ही पॉवर आली कुठून? बरीचशी डोक्यातून. गेल्या साठ वर्षांत हवेचा प्रवाह मोजायचं फ्लो बेंच छोट्या वर्कशॉपमध्येही पोचलं. डेव्हिड व्हिझर्डसारख्या माणसांनी ए-सिरीजच्या हेडवर वर्षानुवर्षं प्रयोग करून जाडजूड पुस्तकं लिहिली. आज एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून एसयूची सुई निवडतात आणि शर्यतीआधी सेन्सर काढून ठेवतात. गाडीत नियमाबाहेरचा एक स्क्रूसुद्धा नसतो. पार्ट १९६५ चे ठेवता येतात, पण जे कळलंय ते न कळल्यासारखं करता येत नाही.

काही जणांना हा ढोंगीपणा वाटतो. मला तर त्या हट्टाचं उत्तरच इथे दिसतं. अडचण तशीच ठेवली म्हणून तर तिच्यावर साठ वर्षं विचार झाला. आठ दारांचं हेड किंवा आजचं इंजिन बसवलं की प्रश्न सुटत नाही, प्रश्न नाहीसा होतो. पाच दारं ठेवली, की रिचमंड यांनी हाताने नेमकं काय केलं होतं आणि ते का चाललं हे समजून घ्यावंच लागतं. खुद्द फॅक्टरीलाही हे चुकलं नाही. १९९६ मध्ये रोव्हरने मिनीला दोन इंजेक्टरची कम्प्युटरवर चालणारी प्रणाली दिली. सामायिक दारातून नेमक्या कुठल्या शेजाऱ्याला पेट्रोल जावं, यासाठी कम्प्युटरला फवाऱ्याची वेळ काटेकोर साधावी लागायची. १९५१ च्या काटकसरीसाठी १९९६ मध्ये सॉफ्टवेअर! ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची मिनी बाहेर पडली. तोवर ५३ लाखांहून जास्त झाल्या होत्या, आणि शेवटचीलाही दारं पाचच होती.

हे सगळं दूर इंग्लंडमधलं वाटत असेल तर जरा थांबा. आपल्या अॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे बीएमसीचंच 'बी-सिरीज', म्हणजे या ए-सिरीजचं थोरलं भावंड. दारांची मांडणी तीच, दोन आत आणि तीन बाहेर. लग्नाच्या वऱ्हाडात दाटीवाटीने ज्या गाडीत बसलो, तिच्या बॉनेटखालीही हीच भांडणं चालू होती. आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात झालेली फिएट ११०० तर आपल्याकडे ट्यून होऊन मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळायची. कुणी हेड घासायचं, कुणी दुसरा कार्ब्युरेटर लावायचं, कुणी कॅमशाफ्ट ग्राइंड करून घ्यायचं. आयात बंद, पार्ट मिळायचे नाहीत, म्हणजे अडचणी तर बीएमसीवाल्यांपेक्षा जास्तच.

फरक एकच. तिकडे फॉर्म होते, पार्ट नंबर होते, पुस्तकं होती. इकडे ज्ञान राहिलं मेकॅनिकच्या हातात आणि कानात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले आणि फोटो आले. पण त्या इंजिनाचा टॅपेट नुसता आवाज ऐकून लावणाऱ्या माणसाने तो कसा लावला, हे फोटोत येत नाही. आता तर पेट्रोलही त्या काळचं राहिलेलं नाही. शिसं गेलं, इथेनॉल आलं. शिशाशिवाय झडपांच्या जुन्या बैठका झिजतात, इथेनॉलने जुनी रबरं फुगतात. म्हणजे जुनी गाडी नुसती 'आहे तशी' ठेवायची म्हटली तरी काय बदलावं आणि काय नाही हे कुणालातरी ठरवावं लागणार, आणि त्यासाठी मूळ काय होतं हे माहीत असावं लागणार.

तुमच्या ओळखीत, गल्लीत, आजोबांच्या मित्रांमध्ये फिएट किंवा अॅम्बॅसेडरवर आयुष्य काढलेला एखादा मिस्त्री असेल, तर एखाद्या रविवारी वही घेऊन त्याच्याकडे जा. कुठला जेट, किती गॅप, हेड किती घासायचं, काय केलं की इंजिन मार खातं, सगळं लिहून घ्या. साठ वर्षांनी कुणीतरी विचारेल, 'त्या काळी हे असंच करायचे कशावरून?' तेव्हा दाखवायला एक कागद तरी असेल.